स्पिटफायर विमानावर बेतलेलं ऑटोमॅटिक घड्याळ अचानक रोज ५-६ मिनिटं पुढे का जातंय?

बहुधा चुंबकत्व. स्पीकर किंवा फोनच्या चुंबकी कव्हरजवळ ठेवल्याने हेअरस्प्रिंगचे (घड्याळाच्या आतल्या केसाइतक्या बारीक स्प्रिंगचे) वेढे एकमेकांना चिकटतात. स्प्रिंग जणू आखूड होते आणि घड्याळाची गती ठरवणारं चाक, म्हणजे बॅलन्स व्हील, भराभर झुलतं. घड्याळ होकायंत्राजवळ धरा, सुई थरथरू लागली तर तेच कारण. घड्याळ डीमॅग्नेटायझरवर (चुंबकत्व काढणाऱ्या छोट्या यंत्रावर) ठेवून बटण दाबून धरा, घड्याळ सावकाश हातभर लांब न्या, मगच बटण सोडा. जवळ असतानाच सोडलंत तर चुंबकत्व तसंच राहतं, कधी वाढतंही. रॉयल एअर फोर्ससाठी १९४८ मध्ये आलेल्या मार्क ११ या वैमानिकांच्या घड्याळात यासाठीच यंत्राभोवती मृदू लोखंडाचं कवच होतं, फार शहाणी रचना! तुमच्या घड्याळाला मागून काच असेल तर तसं पूर्ण कवच नाही. तरीही पुढेच गेलं तर धक्क्याने स्प्रिंग गुंतली असेल; ते काम घड्याळजीचंच.