व्हर्जिनियात बदली होतेय, मुलगी सातवीत आहे. निवडून प्रवेश देणाऱ्या 'थॉमस जेफरसन' या विज्ञान-तंत्रज्ञानाच्या सरकारी हायस्कूलसाठी आत्तापासून क्लास लावावा का?

लावू नका, ज्या परीक्षेसाठी ते क्लास चालायचे, ती २०२० च्या अखेरीस रद्द झाली, अर्जाची १०० डॉलर फीसुद्धा गेली. आता आठवीत अर्ज करायचा; शाळेतले गुण, मुलीने स्वतःबद्दल लिहिलेली उत्तरं आणि एक प्रश्न सोडवणारा निबंध बघतात. ही शाळा चालवणाऱ्या फेअरफॅक्स काउंटीच्या शिक्षण मंडळाने जाहीर केलेले नियम आणि त्यावरचा कोर्टाचा निकाल वाचून हे सांगतोय. बदलाविरुद्ध पालकांची संघटना कोर्टात गेली होती, त्यात आशियाई कुटुंबं बरीच. २०२३ मध्ये अपील कोर्टाने मंडळाच्या बाजूने निकाल दिला आणि २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने प्रकरण ऐकायलाच नकार दिला. म्हणजे जुनी परीक्षा परत येईल या आशेवर पैसे घालवण्यात अर्थ नाही.

त्यापेक्षा घर बघताना डोकं लावा:

- शाळेचा पत्ता अलेक्झांड्रियाचा असला तरी अलेक्झांड्रिया शहरातली मुलं पात्र नाहीत! फेअरफॅक्स, लाउडन, प्रिन्स विल्यम, आर्लिंग्टन किंवा फॉल्स चर्चमध्ये राहावं लागतं.
- या भागातल्या प्रत्येक सरकारी मिडल स्कूलला तिथल्या आठवीच्या पटाच्या १.५ टक्के जागा राखीव असतात. त्यामुळे हुशार मुलांची गर्दी असलेली 'नामांकित' मिडल स्कूल उलट अडचणीची ठरू शकते.

फक्त गणितात ढिलाई नको: आठवीत अल्जेब्रा १ किंवा त्यापुढचा विषय असल्याशिवाय अर्जच चालत नाही.