रेडिओतली खरखर शोधायला भंगारातला स्पेक्ट्रम ॲनालायझर घ्यावा का?

कोणत्या फ्रीक्वेन्सीला किती ताकदीचा सिग्नल आहे ते पडद्यावर दाखवणारं हे यंत्र. घ्या, पण चालवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. समजा एचपी ८५९१ई हे मॉडेल मिळतंय. त्याच्या पुढच्या बाजूला कॅलिब्रेशनचं, म्हणजे तपासणीसाठी ठरलेल्या सिग्नलचं आउटपुट असतं: ३०० मेगाहर्ट्झ, ताकद उणे २० डीबीएम (डीबीएम हे सिग्नलची ताकद मोजायचं एकक). बीएनसी केबलने (फिरवून अडकवायच्या गोल कनेक्टरची केबल), लागल्यास अडॅप्टर लावून, ते इनपुटला जोडा. पडद्यावरची रेघ ३०० मेगाहर्ट्झला उणे २० पर्यंत पोचली तर उत्तम. वीस-तीस डीबी खाली दिसली, तर बहुधा कुणीतरी ट्रान्समीटर थेट जोडून पुढचा भाग जाळलाय. मग अटेन्युएटर (येणारा सिग्नल पायरीपायरीने कमी करणारा भाग) दहा-दहा डीबीने वाढवा. सिग्नलची उंची तीच राहून फक्त खालचा नॉइज (तळाची खरबरीत रेघ) वर सरकायला हवा. एखाद्या पायरीला उंची ढळली तर ती पायरी गेलेली. स्क्रीन अंधुक असेल तर चालवून घेता येतं, जळलेलं इनपुट मात्र महागात पडतं.

खरं सांगायचं तर आधी सेलवरचा मीडियम वेव्हचा रेडिओ काढा. घरातला मेन स्विच बंद करा. खरखर थांबली तर चोर घरातच, बहुतेक एखादा एलईडी ड्रायव्हर (एलईडी दिव्याला वीज पुरवणारं सर्किट) किंवा चार्जर. नाही थांबली तर रेडिओ आडवा धरून हळूहळू फिरवा. आवाज जिथे सर्वांत कमी होतो, तिथे आतल्या फेराइट दांडीचं (रेडिओची आतली अँटेना) एक टोक उगमाकडे असतं. दोन जागांहून दिशा घेतल्या की गल्ली सापडते.