मोटारसायकलचे बारीकसारीक पार्ट एवढे महाग का, आणि हा खर्च कमी करता येतो का?

तुम्ही लिहिलंय की जुन्या सव्वाशे सीसीच्या गाडीला शॉकअपचे सील (ऑइल अडवणाऱ्या रबरी कड्या), पुढच्या चाकाचे बेअरिंग, थोडे बोल्ट आणि ऑइलच्या बोल्टचा वायसर एवढंच टाकलं, तरी पार्टचं बिल मजुरीच्या पुढे गेलं. ही लूट आहे का, असं विचारलंय. मी सोलापुरात टू-व्हीलर स्पेअर पार्टच्या काउंटरवर असतो आणि हा प्रश्न रोज ऐकतो. लूट काही ठिकाणी आहे, पण वायसरच्या किमतीत नाही.

वायसरमधला धातू काही पैशांचाच असतो, हे खरं. पण तो मोजून पिशवीत घालावा लागतो. पिशवीवर पार्ट नंबर येतो, शिवाय बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, महिना-वर्ष आणि एमआरपी छापणं कायद्याने सक्तीचं आहे. मग कंपनीचं गोदाम, तिथून डिस्ट्रिब्युटर, तिथून आम्ही. पिस्टन उचलून ठेवायला जेवढे हात लागतात तेवढेच वायसरलाही लागतात. पिस्टनच्या किमतीत हा खर्च दिसत नाही, वायसरच्या किमतीत त्याशिवाय दुसरं काही नसतं. त्यात बंद पडलेल्या मॉडेलचं एखादं ग्रोमेट (भोकात बसणारी रबरी कडी) ड्रॉवरमध्ये वर्षानुवर्षे गिऱ्हाइकाची वाट बघत राहतं. आमच्याकडे उन्हाळ्यात पारा बेचाळीसच्या पुढे जातो, रबर पडल्या जागी कडक होतं आणि फेकून द्यावं लागतं. तो तोटा विकल्या गेलेल्या ग्रोमेटवरच भरून काढला जातो.

मला राग येतो तो सुटा तुकडा न मिळण्याचा. इंडिकेटरच्या स्विचमधली नखाएवढी पट्टी झिजते आणि घ्यावी लागते पूर्ण असेंब्ली. इग्निशनचं लॉक बिघडलं की टाकीच्या झाकणासकट अख्खा लॉक सेट. फ्युएल इंजेक्शनच्या गाड्या आल्यापासून तर टाकीतल्या पंपाची जाळी चोक झाली तरी बऱ्याच मॉडेलना सगळं मॉड्यूलच बदलायला सांगतात. गाडी घेताना माणूस ऑन-रोड किमतीत हजार रुपयांसाठी चार शोरूम फिरतो, पण लॉक सेट केवढ्याला, क्लच वायर केवढ्याला, हेडलाइटची काच सुटी मिळते का, हे विचारत नाही. पुढच्या वेळी गाडी घेण्याआधी पार्टच्या काउंटरवर जाऊन हे नक्की विचारा.

चारचाकींच्या बाबतीत हे प्रकरण भारतीय स्पर्धा आयोगापर्यंत गेलं होतं. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजना मिळू देत नाहीत, म्हणून आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटींहून जास्त दंड ठोठावला. पुढे ते कोर्टात लढवलं गेलं. केंद्र सरकारने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, तिच्या विषयांत वाहनंही होती, आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला त्याचं पोर्टल सुरू झालं. स्विचमधली ती पट्टी मात्र मला अजून सुटी विकता आलेली नाही.

आता तुमच्या बिलाकडे येतो. त्यातल्या निम्म्या वस्तू खास मोटारसायकलच्या नाहीतच. चाकाचं बेअरिंग काढल्यावर पुसा आणि कडेचा आकडा वाचा. ६३०१ असेल तर आतलं भोक १२ मिमी, बाहेरचा व्यास ३७, जाडी १२. ६३०२ असेल तर १५, ४२, १३. ही मापं जगात कुठेही गेलात तरी तीच. ६२०२ तर छताच्या पंख्यातही सापडतं. म्हणून दुकानात गाडीचं नाव सांगू नका, बेअरिंगचा नंबर सांगा. सोलापुरात हे सोपं जातं, कारण हे यंत्रमागांचं गाव आहे. चादरी आणि टॉवेलच्या मागांना बेअरिंग, सील, स्प्रिंग, बोल्ट सतत लागतात, त्यामुळे या वस्तू मापावर विकणारी दुकानं इथे आहेत. गाडीच्या कंपन्या बेअरिंग स्वतः बनवत नाहीत. ज्यांच्याकडून त्या घेतात, त्यांचाच माल तिथे त्यांच्या नावाने मिळतो. फक्त दोन्ही बाजूंनी रबरी झाकण असलेलं, म्हणजे नंबरापुढे २आरएस लिहिलेलं मागा. उघडं बेअरिंग चाकात गेलं तर पहिल्या पावसातच चिखल खाईल. इंजिनातलं असेल आणि नंबरापुढे सी३ असेल, तर सी३च घ्या. त्यात गरम होऊन फुगायला थोडी जास्त फट ठेवलेली असते, साधं बेअरिंग तिथे आवळून बसेल.

बोल्टचंही तसंच. साइड कव्हर, मडगार्ड, नंबरप्लेट इथे बहुतेक ६ मिमीचे, १ मिमी आट्याचे बोल्ट असतात, हार्डवेअरच्या दुकानात ते सहज मिळतात. डिस्क, कॅलिपर (डिस्कला पकडणारा ब्रेकचा भाग) आणि इंजिन माउंटिंगचे बोल्ट मात्र कंपनीचेच घ्या. ऑइलच्या बोल्टचा वायसर तांब्याचा असेल तर जुने मिस्त्री तो लाल होईपर्यंत तापवून मऊ करून घेतात, तो पुन्हा चालतो. अॅल्युमिनियमचा असेल तर नवाच घाला. बंद मॉडेलचे चिमट्याचे (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचे) बुश मिळत नसतील तर जुना बुश नमुना म्हणून घेऊन चांगल्या लेथवाल्याकडे जा, गनमेटलचे करून मिळतात.

सीलच्या बाबतीत सावध राहा. सीलवर आतलं माप, बाहेरचं माप आणि जाडी छापलेली असते, म्हणून माप जुळलं की झालं असं वाटतं. पण यंत्रमागाचं सील फिरणाऱ्या शाफ्टसाठी असतं आणि शॉकअपचा पाइप वर-खाली सरकतो. शॉकअपच्या सीलचे ओठ, म्हणजे पाइपला टेकणाऱ्या आतल्या कडा, वेगळे असतात. तिथे शॉकअपचंच सील हवं, गाडी कंपनीचं नको असेल तर नावाजलेल्या सील कंपनीचं घ्या. आणि बसवण्याआधी पाइपवर नख फिरवून बघा. गंजाचे खड्डे लागत असतील तर कितीही महागडं सील काही दिवसांत परत गळेल. इंजिनाच्या सीलमध्ये ओठावर बारीक तिरप्या रेघा असतील तर ते एकाच दिशेने फिरणाऱ्या शाफ्टचं असतं, जुन्याशी ताडून घ्या.

ब्रेकमध्ये पैसे वाचवू नका, ही माझी हात जोडून विनंती आहे. डिस्क ब्रेकच्या ऑइलला चालणारं रबर वेगळं असतं. इंजिन ऑइलचं साधं ओरिंग त्यात फुगतं, मग पिस्टन अडकतो किंवा ऑइल गळतं. ब्रेक लायनर, कॅलिपरचे सील, ब्रेक वायर आणि चेन लॉक (चेनची दोन टोकं जोडणारी कडी) खात्रीच्या दुकानातून, पाकीट बघून घ्या. अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूरच्या रस्त्याला मागे बायकामुलं बसवून जाणारे लोक माझ्याकडे स्वस्त लायनर मागतात, तेव्हा मी देत नाही.

पार्ट नंबरही वाचायला शिका. होंडाच्या पद्धतीत, जी जुन्या हिरो होंडालाही आहे, पहिले पाच आकडे वस्तू सांगतात आणि मधली तीन अक्षरं किंवा आकडे ती मुळात कोणत्या मॉडेलसाठी काढली ते. तुमच्या सीलच्या नंबरात दुसऱ्याच गाडीचा कोड दिसला तर ते सील त्या गाडीच्या नावानेही मागता येतं, आणि ती गाडी जास्त खपाची असेल तर माल लगेच मिळतो.

एमआरपीत सगळे कर आलेले असतात, वर कुणी जीएसटी लावत असेल तर देऊ नका आणि १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा. दुचाकीच्या पार्टवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्के झालाय. मूळ भाव तोच असेल तर १२८ चा पार्ट ११८ ला यायला हवा, जुनं बिल असेल तर ताडून बघा.

गाडीचं मॉडेल, वर्ष आणि जुन्या सीलवरचे तीन आकडे खाली लिहा. आणखी कोणत्या गाडीचं सील त्याला बसतं ते बघून सांगतो.