आमदारांचा मेसेज आला, पण रस्ता कुठंय?

वाचकांचे प्रश्न, काकांची उत्तरं

काका, आमच्या आमदारसाहेबांचा दर महिन्याला वॉट्सॲपवर अहवाल येतो. गेल्या दिवाळीच्या आधी त्यात आमच्या वस्तीच्या रस्त्याचं नाव होतं, ४० लाख मंजूर, खाली हात जोडलेला फोटो. आम्ही सगळ्यांनी अभिनंदनाचे मेसेज टाकले. अजून एक टोपलं मुरूम पडला नाही. विचारलं की ऑफिसातला पोरगा म्हणतो मंजूरच आहे. हे आम्हाला येड्यात काढतायत का? — एक शेतकरी, सोलापूर जिल्हा

दादा, येड्यात काढतायतच असं नाही, आणि नाहीतच असंही मी छातीठोक सांगणार नाही. घोळ आहे तो 'मंजूर' या शब्दात. मी पंचायत समितीत बांधकामाच्या टेबलावर बरीच वर्षं काढली, तिथं या एका शब्दाचे निदान पाच अर्थ चालायचे. आमदारांनी मंत्र्यांना पत्र दिलं आणि मंत्र्यांनी कोपऱ्यात शेरा मारला, की कार्यकर्ते म्हणणार मंजूर. बजेटमध्ये किंवा पुरवणी मागणीत (बजेटनंतर वर्षात मागितलेल्या जादा पैशात) नाव आलं, मंजूर. मग जीआर म्हणजे शासन निर्णय निघतो, त्याला कामांची यादी जोडलेली असते, ते झालं तिसरं मंजूर. त्यानंतर प्रशासकीय मान्यता (काम करायला होकार), मग अंदाजपत्रक होऊन तांत्रिक मान्यता (इंजिनिअरची), मग टेंडर, आणि सगळ्यात शेवटी ठेकेदाराच्या हातात वर्क ऑर्डर. तुमच्या वस्तीवर जेसीबी येणार तो या शेवटच्या कागदानंतर, पण मेसेज येतो पहिल्या नाहीतर दुसऱ्या पायरीला, कारण फोटो तेव्हाच काढलेला असतो.

आणि मधे गाडं अडकू शकतं बरं का. २०२२ ला राज्यात सरकार बदललं तेव्हा आधीच्या सरकारने मंजूर केलेल्या कितीतरी कामांना स्थगिती लागली, लोक हायकोर्टापर्यंत गेले. यादीत नाव असून काम थांबलेलं गाव तेव्हा कितीतरी तालुक्यांत सापडलं असतं.

आता तुम्ही करायचं काय, तर ऑफिसातल्या पोराला 'मंजूर आहे का' विचारूच नका, तो हो म्हणणारच. विचारायचं की काम कुठल्या हेडखाली (म्हणजे सरकारच्या कुठल्या खर्चाच्या खात्यात) आहे आणि जीआरची तारीख काय. आपल्याकडे गावातली बरीच कामं ग्रामविकास खात्याच्या २५१५ नंबरच्या हेडमधून येतात, हा आकडा कुठल्याही सरपंचाला झोपेतून उठवून विचारा, सांगेल. जीआर सरकारच्या वेबसाईटवर असतो, त्याच्या शेवटच्या परिच्छेदात एक लांबलचक संकेतांक छापलेला असतो, तो मागून घ्या आणि यादी स्वतः उघडून बघा. यादीत नाव सापडलं तर पुढचा प्रश्न, रस्ता कुणाचा? राज्य मार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग (कागदावर 'प्रजिमा' लिहितात) बांधकाम खात्याकडे, इतर जिल्हा मार्ग म्हणजे 'इजिमा' आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे. तुमच्या वस्तीचा रस्ता बहुतेक ग्रामीण मार्गात असेल, नाहीतर त्याला नंबरच नसेल, साधी पाणंद असेल. ते आधी ग्रामपंचायतीत बघून घ्या म्हणजे चुकीच्या ऑफिसात चपला झिजणार नाहीत.

एक गंमत सांगतो. माझ्यासमोर एकदा एकच रस्ता दोन याद्यांत आला होता, एकीकडे 'गावठाण ते अमुक वस्ती' आणि दुसरीकडे 'मारुती मंदिर ते अमुक वस्ती'. मंदिर गावठाणातच. दोन्हीकडे साखळी क्रमांक (रस्त्याची कुठून कुठपर्यंतची मोजणी, किलोमीटर/मीटर) ०/०० ते १/२००. आमच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीने टेप टाकायच्या आधीच ओळखलं, म्हणाला साहेब दोन्ही रस्त्यांच्या कडेला एकच बाभूळ आहे. तेव्हा यादी बघताना नुसतं नाव वाचू नका, कुठून कुठपर्यंत किती मीटर ते पण वाचा.

आमच्या गावात नगरपरिषदेची निवडणूक झाली, नगराध्यक्ष आम्ही थेट निवडून दिला, प्रभागात नगरसेवक आहेत. तरी गटारापासून हायमास्टपर्यंत सगळ्याची घोषणा आमदारच करतायत. मग तक्रार नेमकी कुणाकडं करायची? — एक गृहिणी, विदर्भ

ताई, गटार तुंबलं, नळाला पाणी नाही, खांबावरचा दिवा बंद, कचरागाडी आली नाही, ही सगळी नगरपरिषदेची कामं. तुमचा नगरसेवक आणि मुख्याधिकारी, इथंच जायचं, लेखी द्यायचं, आणि पोच घ्यायची. आमदार नगरपरिषदेच्या सभेत मत द्यायला बसत नाहीत. त्यांचं घर विधानसभा. पण नगरविकास खात्यातून वैशिष्ट्यपूर्ण कामांचं विशेष अनुदान किंवा नगरोत्थान योजनेचा पैसा आणायला मुंबईत खेटे घालावे लागतात, ते आमदार घालतात, म्हणून बोर्डावर नाव त्यांचं. यात चुकीचं काही नाही. फक्त पैसा आणणारा आणि रोज झाडू मारून घेणारा ही दोन वेगळी माणसं आहेत एवढं लक्षात असू द्या.

आता सगळ्याला आमदारच ही सवय लागली कशी ते पण सांगतो, कारण पत्रात तुमचा रोख तोच आहे. स्थानिक निवडणुकांतल्या ओबीसी आरक्षणाचा विषय २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टात गेला आणि निवडणुका लटकल्या. बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, मुंबई महापालिकेची पण त्याच महिन्यात, आणि जागोजागी प्रशासक बसले. जिल्हा परिषदेत सीईओच (मुख्य कार्यकारी अधिकारी) प्रशासक, पंचायत समितीत बीडीओ (गटविकास अधिकारी). ६ मे २०२५ ला सुप्रीम कोर्टाने निवडणुका घ्या म्हणून सांगितलं, पुढं ३१ जानेवारी २०२६ ची मुदत घातली, तेव्हा कुठं २ डिसेंबर २०२५ ला बहुतेक नगरपरिषदांचं आणि १५ जानेवारी २०२६ ला २९ महापालिकांचं मतदान झालं. म्हणजे तीन वर्षांहून जास्त काळ नगरपरिषदेच्या बऱ्याच गावांत निवडून आलेला माणूस म्हणजे फक्त आमदार आणि खासदार. दिवा गेला तरी आमदार, लग्नाला मंडप पाहिजे तरी आमदार! त्यांनाही ते गोड लागलं असणार, खोटं कशाला बोलू.

माझ्या मते यात खरं नुकसान बोर्डावरच्या नावाचं नाही, पैशाचं झालं. वित्त आयोगाचा पैसा निवडून आलेल्या संस्थेलाच मिळतो, प्रशासक असला की तो अडतो. आणि जिल्हा नियोजन समिती, जिथं जिल्ह्याचा आराखडा ठरतो, तिच्यातले पाचातले चार सदस्य जिल्हा परिषद आणि नगरपालिकांच्या निवडून आलेल्या सदस्यांतून यावेत असं घटनेत लिहिलंय. सदस्यच नव्हते म्हटल्यावर तिथं बोलणार कोण होतं? पालकमंत्री अध्यक्ष, बाकी आमदार-खासदार आणि अधिकारी. आता तुमचा नगराध्यक्ष आलाय ना, त्याला विचारा की बाबा या समितीत आपल्या गावचं कोण आहे.

आमदार निधी किती असतो हो? इथं कुणी १ कोटी म्हणतं, कुणी १०.

वर्षाला ५ कोटी. २ होता, २०२० पासून वाढत वाढत ५ वर आला. तो त्यांच्या बँकेत जमा होत नाही, आमदार काम सुचवतात आणि पैसा जिल्हाधिकाऱ्यांच्या यंत्रणेतून जातो. '१०० कोटींचा निधी आणला' असं वाचलं तर तो हा निधी नव्हे, ती वेगवेगळ्या खात्यांची बेरीज असते, आणि त्या बेरजेत कधी कधी आधीपासून चालू असलेली कामं पण येऊन बसतात.

काका, तुम्ही सगळ्यांना आमदारांना काय विचारायचं ते शिकवता. मी एका आमदारांच्या ऑफिसात तो अहवाल लिहितो. साहेब खरंच फिरतात हो, अधिवेशनात प्रश्न टाकतात, लक्षवेधी सूचना लावतात. पण मेसेज टाकला की खाली पाच मिनिटांत शिव्या. काय लिहू म्हणजे लोक वाचतील? — नाव छापू नका

नाव नाही छापलं. पोरा, तुझं पत्र वाचून मला जरा वाईटच वाटलं, वर मी तुलाच 'ऑफिसातला पोरगा' केलं होतं.

तुझ्या मेसेजचा जो नमुना जोडलास त्यात १४ ओळी आहेत, त्यातल्या ९ ओळींत साहेबांचं नाव आणि पदं. कामाचं नाव दोनदा, गावाचं एकदा, तारीख एकपण नाही. 'भरघोस निधी', 'विकासाची गंगा', हे काढून टाक, ते वाचून वाचून लोकांच्या डोळ्यांना घट्टे पडलेत. आणि विधानसभेतलं लिहितोस ते अर्धं लिहितोस. 'साहेबांनी सभागृहात आवाज उठवला' इथंच थांबतोस. अरे, मंत्री काय म्हणाले ते लिही की! तारांकित प्रश्नाला लेखी उत्तर येतं, त्यात 'होय', 'अंशतः खरे आहे' नाहीतर 'हे खरे नाही' असं छापलेलं असतं, तेच जसंच्या तसं टाक. मंत्र्यांनी 'हे खरे नाही' म्हटलं असेल तरी टाक, लोक पुढचे पुरावे आणून देतील.

न झालेलं कामही लिहायचं. हे साहेबांना पटवणं तुला जड जाईल, पण एक महिना करून बघ म्हणावं. मी लिहिला असता तर असा लिहिला असता, गाव तुझं तू घाल:

'अमुक गाव ते तमुक वस्ती रस्ता, १२०० मीटर. जीआर निघाला. प्रशासकीय मान्यता झाली. टेंडर एकदा काढलं, कुणी भरलं नाही, दुसऱ्यांदा काढलंय. वर्क ऑर्डर अजून नाही. हा रस्ता जिल्हा परिषदेकडे आहे, माहिती पंचायत समितीच्या बांधकाम उपविभागात मिळेल. पुढच्या महिन्यात काय झालं ते याच तारखेला कळवू.'

आणि पुढच्या महिन्यात त्या तारखेला खरंच कळव, काही झालेलं नसलं तरी.