बेसाचा प्लॉट विकण्याआधी

तुझा मेल दोनदा वाचला. तुझं म्हणणं थोडक्यात असं: इंजिनिअरिंग झालं, दोन शॉर्टफिल्म केल्या, आता नागपुरात जीव रमत नाही. "ताई, आपल्याकडे सिनेमात क्रिएटिव्हिटी उरलीच नाही. तेच हिरो, तेच रिमेक. अमेरिकेत दर्जाची कदर आहे. लॉस एंजेलिसला मास्टर्स करायला येतो, बाबा बेसाचा प्लॉट विकायला तयार आहेत. येऊ का?"

मी काही दिग्दर्शक नाही रे. इथे अमेरिकेत साउंड एडिटिंग करते, त्यातही जास्त करून डायलॉग. पात्रं बोलतात तो आवाज साफ करायचा, कपडे घासल्याचा, विमानाचा, खोकल्याचा आवाज काढायचा, हे माझं काम. त्यामुळे मी सांगणार ते कानाने बघितलेलं आहे.

इथल्या एका शूटवर पहिल्यांदा गेले तो दिवस सांगते. सीन झाला, आता सगळे जेवायला पळतील म्हणून मी पिशवी उचलली. तेवढ्यात साउंडवाला म्हणाला, "रूम टोन." साठेक माणसं जागच्या जागी थांबली. मेकअपवालीचा ब्रश हवेतच राहिला. मुख्य नटी च्युइंगगम चघळत होती, तिचा जबडासुद्धा थांबला. तीस सेकंद कुणी पाय हलवला नाही. रेकॉर्ड काय झालं म्हणशील तर त्या खोलीचं गप्प बसणं. दूरच्या फ्रिजची घरघर, दिव्यांचा बारीक गुंजारव. पुढे टेबलावर मी दोन वाक्यांमधला खोकला कापते, तेव्हा त्या भोकात हीच शांतता भरावी लागते. कोरं सोडलं तर प्रेक्षकाचा कान दचकतो. आपण का दचकलो हे त्याला कळतही नाही.

मागे सुट्टीत नागपूरला आले, तेव्हा ओळखीतल्या पोरांची शॉर्टफिल्म महाल भागातल्या एका वाड्यात चालली होती. रेकॉर्डर मी धरला. सीन झाल्यावर मी रूम टोन मागितला. बिचारे बसले गप्प. आठ-दहा सेकंद झाले नाहीत तोच शेजारी कुकरची शिट्टी. मग गल्लीत भाजीवाला, "मेथीऽऽ". आणि शेवटी आमच्याच माणसाचा फोन वाजला, जनरेटरवाला पैसे मागत होता आणि वाडा सहाला रिकामा करायचा होता. त्या पोरांनी देवडीतून अंगणात येणारा उजेड असा काही पकडला होता की मी बघतच राहिले. डोकं त्यांच्याकडे भरपूर होतं, तीस सेकंद नव्हते. तू ज्याला अमेरिकन दर्जा म्हणतोस, त्यातला बराच भाग म्हणजे विकत घेतलेला वेळ आहे बाप्पा.

आपल्याकडे तर वर्षानुवर्षं अख्खा सिनेमाच नंतर डब व्हायचा. कॅमेरे खडखडायचे, बघ्यांची गर्दी आवरायची नाही, नट सकाळी एका सेटवर तर दुपारी दुसऱ्या. २००१ मध्ये 'लगान'चा आवाज जागेवर रेकॉर्ड केला, तर त्याची बातमी झाली होती. हॉलीवूडमध्ये बोलपट आल्यापासून तो रोजचा धंदा आहे.

कागदाचंही तेच. इथे पटकथा लिहिणाऱ्याला पहिल्या खर्ड्याचे वेगळे पैसे, पुन्हा लिहून दिली की त्याचे वेगळे. किमान दर लेखकांच्या गिल्डने, म्हणजे त्यांच्या संघटनेने, ठरवून घेतलेले असतात. २०२३ मध्ये ते लेखक १४८ दिवस संपावर बसले, तेव्हा आम्हा साउंडवाल्यांचीही कामं आटली. घरी हप्ते थकले, पण त्यांच्यावर राग येईना. आपल्याकडे लेखकाला साइनिंगचं थोडंसं मिळतं आणि मग "सिनेमा फ्लोअरवर गेला, शूटिंग सुरू झालं की देतो" हे गाणं. ज्याला तिसऱ्यांदा लिहायचे पैसे नाहीत, तो पहिल्या खर्ड्यावर थांबतो. मग उत्तरार्ध लोंबकळतो. त्यात आपल्या लेखकावर मध्यंतराचंही ओझं. समोशाच्या वेळेला काहीतरी धाडकन घडलंच पाहिजे, म्हणून गोष्टीचा कणा तिथे वाकवायचा. इथल्या पटकथेला ही कटकट नाही, सलग दोन तास.

हे ऐकून लगेच बॅग भरू नको. त्याच विकत घेतलेल्या वेळाचं इथे दुसरं काय होतं तेही ऐक. पैसा जितका मोठा, तितकी सूचना देणारी तोंडं जास्त. मी काम केलेल्या एका सिनेमाच्या चाचणी खेळाला प्रेक्षकांना कार्डं वाटली: शेवट आवडला का, कोण आवडलं नाही, कुठे कंटाळलात. शेवट दोनदा बदलला. दर वेळी माझ्याकडे नवीन रीळं आली, मी पुन्हा खोकले कापत बसले. पहिल्या शेवटात बाई दार उघडं टाकून निघून जायची, आणि मागे त्या दाराचा एक करकर आवाज होता. तो मी दोन दिवस घासूनपुसून बसवला होता. शेवटच्या आवृत्तीत ती परत येते, मिठी मारते, वर संगीत. हा शेवट कुणालाच खटकला नाही. मलासुद्धा आता नीट आठवत नाही.

आणि रिमेकला नावं ठेवत होतास ना? २०२४ मध्ये अमेरिकेत सगळ्यात जास्त कमावलेल्या दहा सिनेमांपैकी नऊ कशाचा तरी पुढचा-मागचा भाग होते. दहावा ब्रॉडवेवर आधीच गाजलेल्या संगीतिकेवरचा. कल्पकतेची कदर करणाऱ्या देशाचा हा हिशेब.

एका बाबतीत मात्र इथलं वारं खरंच मोकळं आहे. १९५२ मध्ये आपण सिनेमॅटोग्राफ कायदा केला, त्याच वर्षी इथल्या सर्वोच्च न्यायालयाने सिनेमालाही बोलण्याचं स्वातंत्र्य आहे असा निकाल दिला. इथे सिनेमाला वयाचा शिक्का उद्योगाची स्वतःची संस्था देते, तो घेणं ऐच्छिक आहे. आपल्याकडे सेन्सॉर बोर्डाच्या प्रमाणपत्राशिवाय थिएटर नाही. त्यामुळे आपला लेखक लिहितानाच स्वतःच्या हाताने कापत जातो. याची भरपाई कुठल्याच फिल्म स्कूलमध्ये होत नाही.

आता पोटापाण्याचं. इथल्या नावाजलेल्या फिल्म स्कूलमध्ये दोन-तीन वर्षांचं मास्टर्स म्हणजे राहणंखाणं धरून दीड ते दोन लाख डॉलर सहज. रुपयांत दीड कोटीच्या आसपास जातो आकडा. तेवढ्यात एक छोटा मराठी सिनेमा होतो! डिग्रीनंतर काम करायची परवानगी, ओपीटी, बारा महिन्यांची. इंजिनिअरांना स्टेमची, म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञानाच्या डिग्र्यांची, आणखी चोवीस मिळतात, पण फिल्मच्या बहुतेक डिग्र्या त्या यादीत बसत नाहीत. कॉलेजला हे लेखी विचार. नंतर एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाची लॉटरी, आणि तीही नोकरी देणारी कंपनी असेल तर. सिनेमातली कामं तीन-चार महिन्यांची, प्रोजेक्टपुरती, त्यासाठी स्पॉन्सर कोण होणार? राहिला ओ-वन, कर्तबगार कलाकारांचा व्हिसा. त्याला नाव झालेलं लागतं, पुरस्कार, छापून आलेलं, वर इथल्या युनियनचं सल्लापत्र. गंमत बघ, त्या व्हिसाला लागणारी कामं तू नागपुरात, पुण्यात, मुंबईत राहून लवकर जमवशील.

माझं कसं जमलं? हे लोक सांगत नाहीत, मी सांगते. नवऱ्याच्या सॉफ्टवेअरच्या नोकरीवर. २०११ ला आले ती एच-फोरवर, म्हणजे एच-वन-बीवाल्याच्या बायकोच्या व्हिसावर: शिकायची मुभा, कमवायची नाही. तेव्हा जवळच्या कम्युनिटी कॉलेजात साउंड शिकले. २०१५ मध्ये काही एच-फोरवाल्यांना काम करू देणारा नियम आला, तेव्हा कुठे पहिला पगार. महिनाभर काम नसलं तरी घरात दुसरा पगार येतो, म्हणून मी टिकले. तुझ्यासारखी एकटी आलेली चार-पाच हुशार पोरं ओळखीत होती. एक परत जाऊन मुंबईत छान काम करतोय, बाकीचे इथेच वेगळ्या धंद्यात आहेत.

आपल्या मातीत काही नाही असं तू लिहितोस तेव्हा मला जरा रागच येतो. 'झुंड' कुठे घडला? आपल्याच शहरात, झोपडपट्टीतल्या पोरांना फुटबॉल शिकवणाऱ्या नागपूरच्या मास्तरांवरून. कधी कॅमेऱ्यासमोर न आलेली पोरं बच्चनसमोर उभी राहिली आणि दबली नाहीत. 'सैराट' करमाळ्याकडची बोली घेऊन शंभर कोटींवर गेला.

आणि गडचिरोली जिल्ह्यातल्या वडसाला गेलास कधी? हिवाळ्यात जा. नागपूरहून तीन-साडेतीन तास. माझं आजोळ ब्रह्मपुरीकडचं. शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, संपला की रात्री गावात झाडीपट्टीचं, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भातलं, नाटक, तिकीट काढून, घोंगड्या घेऊन आलेली माणसं. पहाटे तीनला रंगमंचावरची बाई नवऱ्याला जाब विचारते, आणि माझ्या शेजारची म्हातारी मोठ्याने ओरडते, "सोडू नको त्याले!" ती नटी क्षणभर थांबली, त्या ओरडण्याला जागा दिली आणि मग पुढचं वाक्य टाकलं. हे टायमिंग कुठे शिकवतात सांग. २०२३ मध्ये झाडीपट्टीच्या परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा इथल्या सहकाऱ्यांना हे नाटक काय असतं ते सांगताना मला इंग्रजी पुरेना.

म्हणून माझं स्पष्ट मत: दिग्दर्शन शिकायला दीड कोटी घेऊन येऊ नको. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटची प्रवेश परीक्षा दे, एकदा नाही जमली तर दोनदा. राजकुमार हिरानी आपल्याच नागपूरचे, तिथे एडिटिंग शिकले, मग जाहिराती केल्या, मग सिनेमा. कारागिरी हाताशी ठेव: एडिटिंग, साउंड, व्हीएफएक्स, काहीही. ज्या इफेक्ट्सवर तू जीव टाकतोस, त्यातलं पुष्कळ काम मुंबई, चेन्नई, हैदराबादच्या स्टुडिओंत होतं. दोन-चार वर्षांनी नावावर काम असेल आणि तरी यावंसं वाटलं तर ये. आमच्याकडे सोफा आहे, विमानतळावर न्यायला मी येईन.

तुझी दुसरी शॉर्टफिल्म पाहिली. आजीचा सीन चांगला आहे, फार चांगला. पण तिसऱ्या मिनिटापासून दर कटला पंख्याचा आवाज बदलतो, आणि दोन ठिकाणी साफ गायबच होतो. घरातच शूट केलं आहेस ना? मग रविवारी पहाटे, रस्ता जागा व्हायच्या आत, त्या खोलीत जा. पंखा त्याच नंबरवर लाव, खिडकी होती तशीच ठेव, फोन बंद कर आणि एक मिनिट नुसतं रेकॉर्ड कर. आईला सांग, कुकर थांबव. फाइल मला पाठव, मी बसवून देते. आणि बाबांना माझा नमस्कार सांग, म्हणावं, गिऱ्हाइकाला एवढ्यात हो म्हणू नका.