पॅरिसला यायचे ठरवण्याआधी क्लेर व्हाझँ यांची कारकीर्द पाहा

पुण्यातून एमएस्सी झाल्यावर बैजिक भूमितीत (बहुपदी समीकरणांनी बनणाऱ्या आकारांच्या अभ्यासात) पीएचडी करण्यासाठी पॅरिसला यावे की अमेरिकेतच अर्ज करावेत, असे तुम्ही विचारले आहे. मी इथेच पीएचडी करून स्थायिक झालो असल्याने माझे मत थोडे एकांगी असणार. तरीही विद्यापीठांच्या क्रमवाऱ्या पाहण्याआधी तुम्ही या विषयातल्या फ्रेंच गणितज्ञ क्लेर व्हाझँ यांची कारकीर्द पाहावी, कारण फ्रान्स गणितज्ञाला काय देऊ शकतो हे तीवरून कळते.

१९६२ साली जन्मलेल्या व्हाझँ यांनी १९८६ मध्ये पॅरिसजवळच्या ओर्से येथे आर्नो बोव्हिल यांच्या मार्गदर्शनाखाली प्रबंध पूर्ण केला आणि त्याच वर्षी, चोविसाव्या वर्षी, सीएनआरएस या राष्ट्रीय संशोधन संस्थेत त्या कायम झाल्या. विद्यापीठातील प्राध्यापकाला वर्षाला १९२ तास शिकवावे लागते. सीएनआरएसमधील संशोधकावर तशी सक्ती नसते. अशा निवांतपणाशिवाय काही प्रश्नांना हात घालणे अवघडच. उदाहरणार्थ, प्रत्येक कॉम्पॅक्ट केलर पृष्ठ (विशिष्ट भूमितीय रचना असलेला, दोन संमिश्र मितींचा बंदिस्त आकार) अखंडपणे बदलत नेऊन प्रोजेक्टिव्ह, म्हणजे बहुपदी समीकरणांनी मांडता येईल असे, करता येते, हे जपानी गणितज्ञ कोदाइरा यांच्या कामातून कळले होते. वरच्या मितींतही तसे होते का, हा प्रश्न मात्र कित्येक दशके अनुत्तरित होता. चार मितींपासून पुढे दर वेळी तसे होत नाही, इतकेच नव्हे तर अशी काही मॅनिफोल्ड्स (अशाच, कितीही मितींच्या आकृत्या) आहेत की ज्यांचा होमोटॉपी प्रकारही, म्हणजे ताणले-आकसले तरी टिकणारे स्थूल रूपही, कोणत्याच प्रोजेक्टिव्ह मॅनिफोल्डशी जुळत नाही, असे व्हाझँ यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात सिद्ध केले. पुढे २०१६ मध्ये सीएनआरएसचे सुवर्णपदक व कोलेज द फ्रान्स या पॅरिसमधील नामवंत संस्थेतील अध्यासन आणि २०२४ मध्ये स्वीडनचे क्राफूर्ड पारितोषिक त्यांना मिळाले.

चोविसाव्या वर्षी कायम होण्याची अपेक्षा मात्र आज ठेवू नका. पीएचडीनंतर काही वर्षे पोस्टडॉक (तात्पुरत्या पदावरचे संशोधन) करावेच लागते. सीएनआरएसच्या स्पर्धेला नागरिकत्वाची अट नाही, ही आपल्यासाठी मोठीच गोष्ट आहे.

तुमच्या निर्णयात याहून महत्त्वाचा मुद्दा वेगळा आहे. अमेरिकेत पीएचडीची सुरुवातीची वर्षे अभ्यासक्रमात जातात, तर इथला पगारी डॉक्टरेट करार साधारण तीन वर्षांचा असून पहिल्या दिवसापासून संशोधन अपेक्षित असते. स्कीम्स आणि कोहोमॉलॉजी या बैजिक भूमितीच्या मूलभूत साधनांवर अजून हात बसला नसेल, तर थेट पीएचडीला न येता आधी इथल्या मास्टरच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश घ्या. त्यासाठी पॅरिसच्या गणितविज्ञान प्रतिष्ठानाच्या शिष्यवृत्त्या आहेत. बरेच वर्ग फ्रेंचमध्ये चालतात, म्हणून भाषा पुण्यातच शिकायला घ्या. मुंबईच्या टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था) मधून नरसिंहन आणि शेषाद्री हे गणितज्ञ १९५७ मध्ये पॅरिसला आले होते, तेव्हा ही वाट आपल्याकडच्या गणितज्ञांना नवी नाही. हॉज सिद्धांतावरील व्हाझँ यांच्या ग्रंथाचा पहिला खंड इकडे यायला निघण्याआधी वाचा आणि मार्गदर्शकाला पत्र लिहाल तेव्हा त्यातले कोणते प्रकरण खरोखर पचले आहे, ते स्पष्ट कळवा.