ज्युदोतला ‘दो’ आणि दोजोतला ‘दो’

प्रश्न असा आला आहे : ज्युदो, आयकिदो, केंदो, तायक्वांदो या सगळ्यांच्या शेवटी ‘दो’ येतो, त्याचा अर्थ ‘कला’ का? ‘दोजो’, म्हणजे हे प्रकार शिकण्याची जागा, त्यातलाही दो तोच का? आणि लिहायचं दो की डो?

दो सगळीकडे तोच, पण अर्थ कला नव्हे. दो म्हणजे वाट, मार्ग. चिनी ‘ताओ’ ज्या चिन्हाने लिहितात त्याचाच हा जपानी उच्चार, कोरियनमध्येही ‘दो’च. कलेला किंवा तंत्राला जपानीत ‘जुत्सु’ म्हणतात. जुजुत्सु (जपानची जुनी झटापटीची विद्या) आणि ज्युदो शेजारी ठेवून पाहा. पहिला ‘जु’ दोन्हीकडे एकच : मऊ, लवचीक. समोरच्याचा जोर अडवायचा नाही, त्याच्याच जोराने त्याला लोळवायचं. १८८२ साली ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांनी टोकियोत आपली शाळा काढली, तेव्हा जाणूनबुजून जुत्सु टाकून दो घेतला. १८७६ मध्ये सामुराईंना तलवार बाळगायलाच बंदी झाली होती, जुजुत्सु म्हटलं की लोकांना दांडगाई आठवे, आणि कानो पडले शिक्षक. शब्द मात्र त्यांनी घडवलेला नाही. एका जुन्या घराण्यात तो आधीपासून होता.

दोजोतला ‘जो’ म्हणजे जागा. हा शब्द मुळात आखाड्याचा नाहीच, बौद्धांचा आहे. बुद्धाला जिथे बोधी मिळाली त्या ‘बोधिमंड’ या संस्कृत शब्दासाठी चिनी भाषांतरकारांनी तो योजला, आणि लढायला शिकण्याच्या जागेला तो फार नंतर चिकटला. आपल्या तालमीचंही तसंच : अरबीत ‘शिकवण’, मराठीत कुस्तीची जागा.

कराटेचा मूळ उच्चार ‘कराते’. ‘ते’ म्हणजे हात. आपल्याकडे शब्द इंग्रजीमार्गे आला म्हणून त चा ट झाला. ‘करा’ची गोष्ट जास्त मजेची. ओकिनावा बेटावर तो तांग राजवंशाच्या, म्हणजे चीनच्या, चिन्हाने लिहीत : चिनी हात. पुढे त्याच उच्चाराचं, पण ‘रिकामा’ अर्थाचं चिन्ह आलं. १९०५ मध्ये ओकिनावाचे कराटे शिक्षक हानाशिरो चोमो यांनी ते वापरलं, आणि १९३६ साली नाहा शहरात ओकिनावाच्या जाणत्यांनी बैठक घेऊन ते पक्कं केलं. त्या काळच्या जपानला नावात चीन नको होता, हे उघड आहे. कराटे गुरू गिचिन फुनाकोशी मात्र त्याचं नातं बौद्धांच्या शून्यतेशी जोडत, आणि ते ओढूनताणून नव्हतं : चिनी-जपानी बौद्ध ग्रंथांत शून्यतेला हेच चिन्ह आहे. कराओकेतला ‘करा’ही हाच बरं का, वादकांविना रिकामा ऑर्केस्ट्रा.

कोरियाच्या तायक्वांदोचं नाव १९५५ चं. ताय म्हणजे लाथ, क्वॉन म्हणजे मूठ. ताय-ची-छुआन या चिनी प्रकारातलं ‘छुआन’ हे ‘क्वॉन’चंच चिनी रूप, पण तिथला ‘ताय’ निराळा, त्याचा अर्थ ‘अतिथोर’. आवाजावर जाऊ नका.

कुंग फूला तर चिनीत लढाईचा अर्थ असायलाच हवा असं नाही. मेहनतीने कमावलेलं कोणतंही कसब म्हणजे कुंग फू, मग ते आचाऱ्याचं का असेना. लढण्याच्या विद्येला ते ‘वूशू’ म्हणतात, आणि त्यातला ‘शू’ म्हणजे वरचाच ‘जुत्सु’.

राहिलं लेखन. कराटे रूढ झालंय, ते तसंच राहू द्या. पण ज्युदोत द लिहायचा आणि पाटीवर ‘कराटे-डो’ रंगवायचं, हे काही पटत नाही. तिथे ‘दो’च लिहा.